गोठवलेला नमुना स्टबवरून निसटतो – क्रायो-एसईएमसाठी तुम्ही काय लावता?

तिवरपान (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

क्रायो-एसईएमसाठी (गोठवलेल्या नमुन्याचा पृष्ठभाग बघायचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) दोन तऱ्हेचे नमुने आहेत. ते स्टबवर, म्हणजे धातूच्या छोट्या बैठकीवर, बसवायचे आहेत. एक, खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या) बांधावरच्या तिवराचे ताजे पान. मिठाच्या ग्रंथी वरून बघायच्या आहेत आणि आडव्या छेदातही. दुसरा, तिसऱ्यांच्या कल्ल्यांचे तुकडे, साधारण ४ मिमीचे. हे आधीच थेट द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून क्रायोव्हायलमध्ये (झाकणाच्या छोट्या नळ्यांत) ठेवले आहेत, त्यामुळे वितळवून नव्याने बसवायचा मार्ग बंद.

पान दुहेरी कार्बन टेपवर लावले तर स्लशमध्ये (अर्धवट गोठलेल्या नायट्रोजनच्या लगद्यात) बुडवताच सुटते. न सुटलेच तर यंत्राच्या थंड चेंबरमध्ये नमुना फोडायच्या सुरीचा धक्का लागला की टेपसकट उडते. कल्ल्यांचे तुकडे कशावर चिकटवायचे हेच कळत नाही. आणि जे काही टिकते त्यावर पांढरी भुकटी बसलेली दिसते. पाऊस सुरू झाल्यापासून जास्तच.

कोणता डिंक, किती, कोणत्या क्रमाने? सविस्तर लिहिलेत तर बरे.

उणे१९६

टेप आधी कचऱ्यात टाका. तिचा चिकटपणा खोलीच्या तापमानापुरता असतो. थंडीत तो थर काचेसारखा कडक होतो आणि धातूच्या कितीतरी पट आकसतो. ॲल्युमिनियम खोलीच्या तापमानापासून उणे १९६ पर्यंत सुमारे ०.४ टक्के आकसते, प्लास्टिकच्या जातीचे पदार्थ एक टक्का किंवा त्याहून जास्त. दोघांच्या सांध्यावर ताण येतो आणि टेप टकदिशी सुटते.

ताज्या पानासाठी ओसीटी (गोठवायच्या नमुन्यांसाठीचे पाण्यातले चिकट द्रावण) आणि पाण्यातले कोलॉइडल ग्रॅफाइट, आकारमानाने निम्मे-निम्मे. ओसीटी धरून ठेवते, ग्रॅफाइट वीज वाहून नेते. टूथपिकने ढवळा, बुडबुडे येऊ देऊ नका. पोळ्याच्या (डोशाच्या) पिठाइतके सैल हवे. त्याहून घट्ट झाले तर पान वर तरंगते, पातळ झाले तर केशाकर्षणाने कडेवरून चढून ग्रंथीच झाकून टाकते.

स्टबचा माथा आधी बारीक पॉलिश कागदाने खरवडून घ्या, गुळगुळीत धातूवर गोठलेले ओसीटी सहज निखळते. मग पातळ थर, त्यावर नव्या ब्लेडने कापलेला ३ × ५ मिमीचा तुकडा. कापण्यापासून बुडवण्यापर्यंत एका मिनिटाच्या आत, नाहीतर पान सुकून पेशी बसतात. एसीचा झोत टेबलावर येत असेल तर तो आधी वळवा.

छेद बघायचा तर खाचेचा स्टब घ्या. पट्टी उभी बसवायची, वर १ ते २ मिमी डोके ठेवायचे. जास्त ठेवले तर मुळातून मोडते आणि टोक नीट थंडही राहत नाही. कमी ठेवले तर सुरी स्टबवर आपटते.

वाचनमात्र

वाचनखूण साठवली.

मानशीवाली

उणे१९६ यांच्या कृतीत तिवरासाठी एक भर घालते. या पानाची खालची बाजू दाट लवेने भरलेली असते. वरची बाजू बघण्यासाठी पान पालथे न घालता तसेच ठेवले, की ती लव डिंकावर टेकते आणि मध्ये हवेचा थर अडकतो. नुसता वजनाने टेकलेला नमुना धक्क्याला सुटणारच. शिवाय हवेमुळे उष्णता खाली जात नाही. स्टेजचे तापमान उणे १४० दाखवते, पान मात्र त्याहून गरम असते.

उपाय साधा आहे. तुकडा ठेवण्याआधी खालच्या बाजूला तेच मिश्रण बारीक ब्रशने लवेत दाबून भरायचे, तंतू ओले दिसेपर्यंत. मग स्टबवर ठेवून चारही कडा टूथपिकच्या टोकाने दाबायच्या. मधोमध दाबू नका, ग्रंथी चेपतात.

पान धुऊ नका. पृष्ठभागावरचे मिठाचे स्फटिक हाच तर तुमचा विषय आहे, आणि पाण्याचा एक थेंब पडला की ते विरघळून भलतीकडे जाऊन बसतात. भरतीच्या वेळी मानशीजवळची (खाजनातले पाणी आतबाहेर सोडणाऱ्या दाराजवळची) खालची पाने चिखलाने माखतात. त्यापेक्षा वरच्या फांदीचे पान घ्या.

उणे१९६

लवेचा मुद्दा +१. माझ्याकडून सुटला होता.

काचबर्फ

आता कल्ल्यांचे. गोठलेल्या तुकड्याला ओसीटी चालत नाही. ते पाण्यातले द्रावण. शून्याच्या वर असताना लावले तर तुकडा वितळवते, खाली नेले तर आपणच गोठते. त्यासाठी क्रायो-डिंक वापरतात, म्हणजे अतिथंड तापमानातही द्रव राहणारे आणि आणखी थंड केले की घट्ट होणारे काहीतरी. एन-हेप्टेन उणे ९१ ला गोठते, टोल्युइन उणे ९५ ला. काचरूप (स्फटिक न होता गोठलेला) बर्फ जपायचा असेल तर हे दोन्ही बाद, कारण उणे १३७ च्या आसपास काचरूप बर्फ स्फटिक व्हायला लागतो. तिथे इथेनॉल आणि आयसोप्रोपेनॉल २:३ हे मिश्रण घेतात. उणे १४० च्या आसपास ते पाकासारखे चिकट असते, अजून खाली नेले की दगड.

फुकटसल्ला

म्हणजे काजूची फेणी चालेल का? घरोघरी असते. :)

काचबर्फ

हलके घ्या म्हणून सोडून देत नाही, उत्तर देतो. फेणीत अल्कोहोल साधारण ४२ टक्के, उरलेले बहुतेक पाणी. उणे ३० च्या आसपासच तिचा बर्फाचा लगदा होतो. डिंक म्हणून शून्य गुण. हुर्राक तर त्याहून पाणचट.

फुकटसल्ला

चला, बाटली वाचली.

चिमटा

काचबर्फ यांची माहिती बरोबर आहे, पण सल्ला चुकीच्या यंत्रासाठी आहे. हे डिंक क्रायो-अल्ट्रामायक्रोटोममध्ये (गोठलेल्या नमुन्याचे अतिपातळ छेद करणाऱ्या यंत्रात) शोभतात. तिथे चेंबर कायम उणे १४० च्या खाली असते आणि छेद होईपर्यंत काही गरम करायचे नसते. धागाकर्त्याला एसईएममध्ये एचिंग, म्हणजे पृष्ठभागावरचा बर्फ निर्वातात उडवणे, करावे लागणार. त्यासाठी नमुना उणे ९५ च्या आसपास न्यावा लागतो, आणि हेप्टेन उणे ९१ ला वितळते. चार अंशांच्या भरवशावर तुकडा टांगायचा? त्यात निर्वातात हेप्टेन बर्फाच्या कितीतरी आधी उडून जाते आणि वाफ जाऊन थंड पाटीवर (चेंबरमधली वाफ पकडायला ठेवतात ती) बसते. अल्कोहोलचे मिश्रण तर त्याआधीच सैल पडेल.

गोठलेल्या नमुन्याला डिंक नको, पकड हवी. छोट्या शेगड्यासारखा (सुताराच्या व्हाइससारखा) स्क्रूचा स्टब मिळतो. जबड्यांना आतून ०.१ मिमीचा इंडियमचा पत्रा लावा. इंडियम द्रव नायट्रोजनमध्येही मऊ राहते, त्यामुळे तुकड्याच्या वेड्यावाकड्या कडांना बिलगते. उष्णताही वाहते, वीजही.

सगळे काम थर्माकोलच्या पेटीत, नायट्रोजनच्या पातळीखाली:

स्टब आणि चिमटे बुडवून उकळी पूर्ण थांबू द्या. व्हायलचे झाकण पातळीखालीच उघडा. तुकडा जबड्यात, १ मिमी वर. स्क्रू आधी हलकेच फिरवा, अर्धा मिनिट थांबा, मग पाव फेरा. खोलीत घट्ट करून आणलेला स्क्रू तिथे सैल पडतो, कारण पितळी जबडा पोलादी स्क्रूपेक्षा जास्त आकसतो. एकदम आवळलात तर कल्ला बिस्किटासारखा फुटतो.

काचबर्फ

एचिंगचा मुद्दा मान्य. मी छेदांच्याच विचारात होतो. शेगडाच बरा.

पण एक खुलासा करतो, धागाकर्त्याने अपेक्षा आवरावी म्हणून. ४ मिमीचा तुकडा थेट द्रव नायट्रोजनमध्ये टाकला की भोवती वायूचा थर तयार होतो (लायडनफ्रॉस्ट परिणाम, तव्यावर पाण्याचे थेंब नाचतात तोच) आणि थंड होणे रेंगाळते. अशा तुकड्यात पृष्ठभागापासून फार तर काही मायक्रॉन बरा असतो, आत बर्फाच्या सुया झालेल्या असतात. उच्चदाबाच्या यंत्रात २१०० बारच्या आसपास गोठवले तरी काचरूप बर्फ सुमारे २०० मायक्रॉन जाडीपर्यंतच मिळतो. म्हणून कल्ल्याच्या आतल्या पेशींत भोके दिसली तर ती भोके कल्ल्याची नव्हेत, बर्फाची.

आणि व्हायल मधल्या काळात उणे ८० च्या कपाटात राहिल्या असतील तर ते स्फटिक आणखी वाढलेले असतात.

तिवरपान

उणे ८० ला नव्हत्या, कायम नायट्रोजनमध्येच. पेशींच्या आत शिरायचे नाहीच, कल्ल्याच्या तंतूंवरचे केस बघायचेत.

काचबर्फ

मग ठीक. केस पृष्ठभागावर असतात, ते वाचलेले असतील. पण गोठवताना त्यांच्यावर पाण्याचा थर होता का? असेल तर ते बर्फाखाली गाडलेले आहेत, आणि एचिंगवाचून दिसणार नाहीत.

पावसाळी

पांढऱ्या भुकटीकडे कोणी वळलेच नाही.

जुलैत आपल्याकडे २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता ही नेहमीची गोष्ट. म्हणजे एका घनमीटर हवेत सुमारे २२ ग्रॅम पाणी. खोली २२ अंशांवर आणि ४० टक्क्यांवर आणली तर तेच ८ ग्रॅमच्या आत येते. नुसता एसी लावून २२ अंश केले तर मात्र आर्द्रता ६५–७० टक्क्यांवर राहू शकते, म्हणून डीह्युमिडिफायर वेगळा लागतो. तो काम सुरू करायच्या आदल्या रात्रीपासून चालू ठेवा, भिंती आणि पडदेही ओल सोडत असतात.

दुसरी गोष्ट फार जणांच्या ध्यानात येत नाही. बर्फ द्रव नायट्रोजनमध्ये तरंगत नाही, बुडतो. बर्फाची घनता ०.९२, द्रव नायट्रोजनची ०.८१. हवेतून पडलेले हिम तळाशी जाते, आणि तळाशी तुमचा नमुना असतो. नायट्रोजन ढवळू नका, चिमटा तळावर घासू नका, वरून ओतताना नमुन्यावर धार धरू नका. पेटीतला नायट्रोजन ढगाळ दिसला की टाकून द्या. पिंपातला तळचा शेवटचा लिटरभर या कामाला वापरूच नका.

चिमटा बाहेर काढला की त्यावर लगेच पांढरे फूल धरते. तोच परत आत घालणे म्हणजे हाताने हिम पेरणे. दोन-तीन चिमटे ठेवा, बाहेर आलेला हेअर ड्रायरने कोरडा खडखडीत करूनच आत घाला. तोंडाला मास्क, आणि पेटीवर ओणवून बोलायचे नाही.

मानशीवाली

ओणवून बोलायचे नाही हे आमच्याकडे पाटी लावून ठेवण्यासारखे आहे.

उणे१९६

भुकटी नेमकी कधी बसली हे चित्रावरून ओळखता येते. कण प्लॅटिनमच्या (नमुन्याला वीज वाहून नेता यावी म्हणून देतात त्या) लेपाखाली असतील तर ते लेप देण्याआधीचे, म्हणजे पेटीतले किंवा नमुना चेंबरमध्ये नेतानाचे. लेपावर असतील तर ते एसईएमच्या आतले. मग थंड पाटी नमुन्यापेक्षा थंड आहे का बघा. नमुना उणे १४० ला असेल तर पाटी उणे १७५–१८० ला हवी. चेंबरमधली वाफ सगळ्यांत थंड वस्तूवर जाऊन बसते. ती वस्तू तुमचा नमुना नसावी इतकेच.

एचिंगबद्दल. तापमान दहा अंशांनी खाली गेले की बर्फाचा बाष्पदाब सहा ते आठ पटींनी घटतो. उणे ९५ ला तीन मिनिटांत होणारे काम उणे १०५ ला वीस मिनिटे घेईल, आणि उणे ८५ ला अर्ध्या मिनिटात पान वाळून कोळ झालेले असेल. म्हणून लेप देण्याआधी, कमी व्होल्टेजवर बघत बघत करा. पेशींच्या भिंती उठून दिसू लागल्या की ताबडतोब खाली उणे १४०. मग प्लॅटिनम, ५ ते १० नॅनोमीटर.

आकडे स्टेजचे आहेत, नमुन्याचे नव्हेत. ओसीटीचा थर जाड असेल तर पान मागे रेंगाळते. पातळ थर लावा म्हणतो ते याचसाठी.

गाळमाती

थोडे अवांतर. खाडीतला चिखल किंवा डायटमचे पाणी असे पातळ नमुने असतील तर स्टबवर थेंब ठेवून चालत नाही, फोडताना सगळा थेंब उडतो. दोन पोकळ रिव्हेट घ्या. एक स्टबच्या भोकात उभे, काठोकाठ भरून वर फुगवटा येईल इतके. दुसरे भरून त्यावर उलटे टेकवा आणि तसेच स्लशमध्ये. चेंबरमध्ये सुरीने वरचे रिव्हेट टकरून पाडले की मधला ताजा भंग समोर येतो. मध्ये बुडबुडा राहिला तर भंग तिथूनच जातो आणि गुळगुळीत वाटी दिसते. ती पेशी नव्हे.

आणि खाऱ्या पाण्यातल्या प्रत्येक नमुन्याला लागू: पाणी गोठताना मीठ बाजूला ढकलले जाते आणि बर्फाच्या स्फटिकांमधल्या फटींत साठते. मीठ-पाण्याचे ते मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत द्रव राहते, मग गोठते. एचिंगमध्ये बर्फ उडतो, मिठाची जाळी मागे उरते. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सुबक दिसते. कल्ल्यांवर ती दिसली की ऊतक समजू नका. कल्ले गोठवण्याआधी सागरी पाण्याच्या तीव्रतेच्या अमोनियम फॉर्मेटने, साधारण ०.५ मोलर, धुतले तर ही जाळी येत नाही.

चिमटा

शेवटच्या वाक्याशी असहमत. अमोनियम फॉर्मेट उडून जाते हे खरे, पण हवेत किंवा फ्रीज-ड्रायरमध्ये वाळवताना. उणे ९५ ला काही मिनिटांत ते हलत नाही. मिठाच्या जाळीऐवजी फॉर्मेटची जाळी मिळेल. आणि धागाकर्त्याचे कल्ले आधीच गोठलेले आहेत, आता धुणार कुठून?

गाळमाती

बरोबर, मी वाळवलेल्या डायटमची कृती इथे चिकटवली. मग एकच मार्ग उरतो: पुढच्या वेळी गोठवण्याआधी गाळणकागदाच्या टोकाने कडेकडेने पाणी टिपून घ्या. आत्ताच्या तुकड्यांत जाळी आणि ऊतक वेगळे करायला ईडीएस (क्ष-किरणांच्या रेषांवरून मूलद्रव्य ओळखणे) लावा. सोडियम १.०४ आणि क्लोरीन २.६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, त्यामुळे निदान ५ ते ६ किलोव्होल्ट (केव्ही) लागेल. २ केव्हीला क्लोरीन उठणारच नाही.

उणे१९६

ईडीएस करणार असाल तर आणखी एक. प्लॅटिनमची रेषा २.०५ ला येते आणि फॉस्फरसची २.०१ ला. फॉस्फरस शोधायचा असेल तर प्लॅटिनमचा लेप नको, क्रोमियम किंवा कार्बन घ्या. नुसते मीठ बघायचे तर प्लॅटिनम चालेल.

ग्रिडवाला

धाग्याच्या नावात एसईएम आहे हे बघितले, तरी टीईएमवाल्यांची (नमुन्याच्या आरपार बघणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकवाल्यांची) बाजू मांडतो. डुबोशे आणि मॅकडॉवल यांनी १९८१ मध्ये पाण्याचा काचरूप थर ग्रिडवर, म्हणजे बारीक जाळीवर, धरून दाखवला, डुबोशेंना २०१७ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला, आणि आजही रोजचे रडगाणे एकच: ग्रिड रिंगमध्ये क्लिपने अडकवताना वाकली.

३.०५ मिमीची जाळी, वस्तुमान जवळजवळ काहीच नाही. म्हणून गरम चिमटा एका स्पर्शात तिला उणे १३७ च्या वर नेतो, दिसत काही नाही, पडद्यावर मात्र स्फटिकांचे ठिपके येतात. चिमट्याची उकळी थांबल्याशिवाय ग्रिडला हात लावू नका. ग्रिड रिंगमध्ये सपाट बसली की सी-क्लिपचे पेन सरळ उभे धरून एकदाच दाबायचे. तिरके दाबले तर क्लिप एका बाजूने वर राहते. दाबल्यावर रिंग उलटी करून बघा, क्लिप पडली तर तिथेच पडू दे, ऑटोलोडरमध्ये (ग्रिड आपोआप सूक्ष्मदर्शकात घालणाऱ्या यंत्रात) नको.

गोठवायच्या द्रव इथेनमधून काढलेल्या ग्रिडच्या कडेला थेंब लोंबत असेल तर तो नायट्रोजनच्या वाफेत असतानाच गाळणकागदाने टिपा. इथेन उणे १८३ ला गोठते, एकदा नायट्रोजनमध्ये गेले की कडेला दगड चिकटून बसतो आणि क्लिप लागत नाही.

फुकटसल्ला

तुम्हा लोकांचे सगळे भांडण उणे ९१ आणि उणे १३७ मधले आहे, आम्हाला २० अंशांना स्वेटर लागतो.

पावसाळी

हसता हसता दार उघडे ठेवा. एक लिटर द्रव नायट्रोजनचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. ३ × ४ मीटरच्या, अडीच मीटर उंच खोलीत १० लिटर सांडले तर ३० घनमीटरांत ७ घनमीटर नायट्रोजन, आणि ऑक्सिजन २१ वरून १६ टक्क्यांच्या आसपास. धोक्याची रेषा १९.५ आहे. ओल येते म्हणून पावसाळ्यात खोली गच्च बंद करायचा मोह होतो, त्यासाठीच लिहिले. ऑक्सिजनचा अलार्म कमरेच्या उंचीला, छताला नाही. थंड वायू खाली साचतो.

तिवरपान

देव बरें करूं! पान टिकले. लवेत मिश्रण भरले, खरवडलेला स्टब, स्लश. सुरीचा धक्काही सोसला. कल्ला शेगड्यात आहे, इंडियम लावून. पण पानाच्या डाव्या कडेला चित्र पांढरे फटक होते आणि सरकते, उजवीकडे ठीक. लेप सगळीकडे सारखाच दिला आहे.

उणे१९६

डाव्या कडेला ओसीटी पानाच्या वरपर्यंत पोचलेले नाही. लेप पानावर आहे, पण तिथून स्टबपर्यंत विजेची वाट तुटली आहे. कापलेल्या कडेची सावली पडते, उभ्या भिंतीवर प्लॅटिनम बसत नाही. पुढच्या तुकड्याला गोठवण्याआधी चारही कडांना मिश्रणाची बारीक रेघ काठापर्यंत चढवा, माथ्यावर नाही.

मानशीवाली

आणि कापताना ब्लेड सरळ खाली दाबा, ओढू नका. ओढले की लव कडेला बाहेर येते आणि मिश्रण तिच्यावरच थांबते.

तिवरपान

बाहेर आलेली लव दिसते आहे खरी. उद्या नवे पान.

चिमटा

वरच्या फांदीचे. आणि ओहोटीला जा.